गव्हाचा मामा: एका तणाची गोष्ट आणि कारणाचा शोध



तत्त्वज्ञानाच्या माणसाला गवतावर बोलायला कशाला उभं केलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. त्याचं उत्तर आधी देतो. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘इतिहासातील कार्यकारणभाव’ असं सांगितलं होतं. ते म्हणाले, सर, विषय चांगला आहे, पण लोक येणार नाहीत. (हशा) मग मी म्हटलं, त्याच विषयावर बोलतो, पण एका गवताच्या निमित्ताने बोलतो. तेव्हा आज कान गवताकडे ठेवा, आणि मधून मधून कार्यकारणभावाकडेही लक्ष असू द्या.

सुरुवात घरापासून करतो. १९६६ साली मी शाळेत होतो. तालुक्याचं गाव, रेशनच्या दुकानापुढे रांग, आणि रांगेतून पिशवीभर गहू. तो अमेरिकेतून यायचा. आई तो सुपात घेऊन पाखडायची, मग ताटात पसरून निवडायची. त्यात खडे असत, काडीकचरा असे, आणि कधी कधी बारीक, चकचकीत, ओळखू न येणारं बी असे. ते ती अंगणाच्या कडेला टाकून द्यायची. चिमण्या काही खायच्या, बाकीचं तिथेच पडून राहायचं. दोन-तीन वर्षं हे चाललं असेल. अंगणाच्या त्या कडेला कधी काही परकं उगवल्याचं मला आठवत नाही. उगवायचं ते आपलं नेहमीचंच, आघाडा आणि हरळी. ही आठवण क्षुल्लक आहे, पण तिचा उपयोग पुढे होणार आहे.

आता दुसरी आठवण. १९९५ चा फेब्रुवारी महिना. कुरुक्षेत्राला एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय होता भारतीय दर्शनांतला कारणविचार. तिथे एक प्राध्यापक मित्र झाले, कर्नाल जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. चर्चासत्र संपल्यावर म्हणाले, घरी चला, ताक पिऊन जा. गेलो. त्यांचे थोरले बंधू शेती पाहत. आम्ही सगळे त्यांना भाईसाहेबच म्हणत होतो. ते मला शेतावर घेऊन गेले. चहूकडे गहू, गुडघ्याच्या वर आलेला, हिरवागार. मी म्हटलं, वा, काय पीक आहे! भाईसाहेब हसले. वाकले, दोन रोपं उपटली आणि माझ्या हातात दिली. ‘प्रोफेसरसाहेब, यातला गहू कोणता?’

मला सांगता आलं नाही. मग त्यांनी एका रोपाचं मूळ नखाने खरवडून दाखवलं. बुडाशी गुलाबी-लालसर रंग होता, दाबल्यावर तसाच रस निघाला. म्हणाले, हा गहू नाही. ही मंडूसी.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे १९९३ च्या हंगामात, या मंडूसीने त्यांच्या पाच एकरांत गव्हाला डोकं वर काढू दिलं नव्हतं. औषध फवारलं, ती मेली नाही. पुन्हा दुप्पट फवारलं, तरी मेली नाही. शेवटी ओंब्या भरायच्या आत त्यांनी अख्खं शेत विळ्याने कापलं आणि गुरांना घातलं. हिरवा गहू, वैरण म्हणून! हे सांगताना तो माणूस दुसरीकडे पाहत होता. त्या भागात त्या वर्षांत असं अनेकांनी केलं, हे मला नंतर कळलं.

पण त्यांच्या मनाला लागलं होतं ते निराळंच. औषध ज्या दुकानातून आणलं, तो दुकानदार त्यांचा लहानपणापासूनचा मित्र होता. भाईसाहेब त्याला म्हणाले, तू भेसळीचं औषध दिलंस. तो म्हणाला, तुला फवारता येत नाही, पाणी कमी घेतलंस, वेळ चुकवलीस. चारचौघांत बोलाचाली झाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकमेकांच्या घरची लग्नंसुद्धा टाळली. आणि तिसरा एक आरोपी गावाने एकमताने ठरवलेला होता. ‘हे गवत इथलं नाहीच,’ भाईसाहेब म्हणाले, ‘मेक्सिकोच्या गव्हाच्या पोत्यांतून आलं.’

म्हणजे पाहा, एक कृत्य आणि तीन आरोपी: मित्र, स्वतः आणि मेक्सिको. मी कारणविचारावर निबंध वाचून आलो होतो, आणि शेताच्या बांधावर माझी परीक्षा सुरू झाली होती. त्या परीक्षेचा पेपर मी आज, तीस वर्षांनी, तुमच्यापुढे लिहितो आहे.

आधी या गवताची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. आंद्रेस रेट्झियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १७८३ साली दिलं. मूळचा मुलूख भूमध्य समुद्राच्या भोवतालचा, म्हणजे जिथे गव्हाची शेती फार जुनी आहे त्याच्याच शेजारचा. हरियाणात याला मंडूसी किंवा कनकी म्हणतात, पंजाबात गुल्ली-डंडा, कारण कणीस आखूड, जाड, विटीसारखं दिसतं. आणि हिंदी मुलखात एक फार मार्मिक नाव आहे: ‘गेहूँ का मामा’, गव्हाचा मामा. नात्यातला वाटतो म्हणून मामा. आपल्याकडे ‘मामा बनवणं’ याचा जो अर्थ आहे, तोही इथे चपखल बसतो. (हशा)

हे एका हंगामाचं गवत. हिवाळ्यात उगवतं, उन्हाळा लागायच्या आत बी धरून मरतं. त्याच्या गरजा काय? माती ओलसर हवी. हवा थंड हवी, साधारण १० ते २० अंश सेल्सिअस असली की ते उत्तम रुजतं. बी अगदी बारीक, त्यामुळे जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये असेल तरच वर येऊ शकतं. खाली पुरलं गेलं तर तिथेच वाट पाहत राहतं. नत्र आणि पाणी मिळालं की फुटवे भरपूर. एकेका कणसात शेकडो दाणे. आणि गहू कापणीला येण्यापूर्वी या गवताचे दाणे पिकून जमिनीवर गळून पडतात. म्हणजे शेतकरी विळा घेऊन येईपर्यंत मामा पुढच्या वर्षाची पेरणी उरकून गेलेला असतो.

अशी सोंगं घेणारी तणं जगात बरीच आहेत. आपल्या कोकणात भाताच्या लावणीत पाखड असतं. बेणणीला बसलेली बाई अनुभवी नसेल तर पाखड राहतं आणि भात उपटला जातो. बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, गव्हात निदण पेरल्याचा दृष्टांत आहे; ते निदण म्हणजे असंच गव्हासारखं दिसणारं दुसरं गवत असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी याचा उलगडा केला. माणूस हजारो वर्षं तण उपटत आला. जे तण पिकासारखं दिसत नव्हतं ते उपटलं गेलं, जे थोडंफार दिसत होतं ते निसटलं. म्हणजे सोंग गवताने घेतलं असं आपण म्हणतो, पण ते सोंग आपल्याच हातांनी, निवडून निवडून, तयार केलं. वाविलोव्ह यांचं म्हणणं तर असं, की राय हे धान्य मुळात गव्हातलं तणच होतं. थंड मुलखात गहू हरला आणि तणाला माणसाने पीक म्हणून स्वीकारलं. तेव्हा पीक आणि तण हा भेद वनस्पतीच्या अंगात नाही, आपल्या हेतूत आहे. या बियांशी आपला पुढे पुन्हा संबंध येणार आहे.

आता आरोपी क्रमांक एक: मेक्सिको. हा आरोप हवेतला नाही. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षांत पाऊस दगा देऊन गेला. देश आयात धान्यावर जगत होता. सी. सुब्रमण्यम अन्नमंत्री होते. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या बुटक्या गव्हाच्या चाचण्या स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे घेतल्या होत्या. १९६६ साली १८,००० टन बियाणं मेक्सिकोहून आणलं. तेव्हाच्या जगात एवढं बियाणं एका देशातून दुसऱ्या देशात गेलेलं नव्हतं. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण आले. १९६४-६५ साली देशात सुमारे १२३ लाख टन गहू झाला होता, १९६७-६८ मध्ये तो १६५ लाख टनांवर गेला. १९६८ साली सरकारने ‘गहू क्रांती’चं टपाल तिकीट काढलं. आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच पंजाब-हरियाणात मंडूसीचा त्रास वाढू लागला. मेक्सिकोच्या गव्हातही हे तण आहे. मग गावाने जो निष्कर्ष काढला तो साहजिक नाही का?

साहजिक आहे. पण अडचण अशी, की जोसेफ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथाचा सातवा आणि शेवटचा खंड १८९७ साली पूर्ण झाला, आणि त्यात हे गवत वायव्य हिंदुस्थानातलं म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे बोरलॉग यांचा जन्म व्हायच्या आधी मंडूसी इथे हजर होती. मेक्सिकोच्या पोत्यांतून तिचं बी आलंच नसेल, असं मी म्हणत नाही. आलंही असेल. पण ज्याची भर पडली ते आधी घरात होतंच.

तुम्हाला आता आपल्याकडचं गाजर गवत आठवलं असेल. तीच कहाणी! पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्याला ते दिसलं, आणि पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं आपण शाळेपासून ऐकत आलो. काँग्रेस गवत हे नावही रुजलं. पण पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, आणि हे झाड पुण्यात १९५५ साली पाहिलं गेलं होतं. अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा गव्हाला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. पण त्याही आधी, १८१४ साली, रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या बागेची वनस्पतींची यादी श्रीरामपूरला छापली गेली, तिच्यात या झाडाचं नाव आहे. ती यादी छापून घेणारे विल्यम केरी म्हणजे मराठीचं व्याकरण लिहिणारेच. तर दोष कोणाचा? गव्हाचा, काँग्रेसचा, की कलकत्त्याच्या बागेचा? आणि गंमत म्हणजे गाजर गवत हे गवतच नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. नावही चुकलं आणि आरोपही अर्धामुर्धा.

इथे मला माझ्या विषयाकडे वळू द्या. दहा मिनिटं सहन करा.

दहाव्या-अकराव्या शतकात या देशात एक मोठा वाद झाला. एका बाजूला ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती हे बौद्ध आचार्य, दुसऱ्या बाजूला मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य. उदयनांचा ग्रंथ आत्मतत्त्वविवेक. वादाचा विषय फार मोठा होता, वस्तू टिकते की क्षणाक्षणाला नवी होते, हा. पण उदाहरण साधं होतं: बी. एक बी कुशूलात आहे. कुशूल म्हणजे आपली कणगी. त्याला अंकुर फुटत नाही. दुसरं बी शेतात आहे, त्याला फुटतो. बौद्ध म्हणतात, ज्याच्या अंगी अंकुर निर्माण करण्याचं सामर्थ्य आहे ते थांबेल कशाला? कणगीतलं बी अंकुर देत नाही, म्हणजे ते असमर्थ. शेतातलं देतं, म्हणजे ते समर्थ. समर्थ आणि असमर्थ एकच कसे असतील? तेव्हा ही दोन वेगळी बियाणं आहेत, त्यांचा प्रवाह तेवढा एक.

उदयनाचार्य म्हणतात, तसं नाही. बी तेच आहे. कणगीत त्याला माती नव्हती, पाणी नव्हतं, ऊब नव्हती. हे सगळे सहकारी. सहकारी जमले की कार्य होतं, जमले नाहीत तर होत नाही. त्यासाठी बी दुसरं मानायची गरज नाही.

हे मी तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर कणगीचं चित्र काढून शिकवलं. पण खरं सांगतो, बीला नेमकं काय काय लागतं, हे एकदाही कोणाला विचारलं नाही. माती, पाणी, ऊब एवढं म्हणून पुढे जायचो. भाईसाहेबांच्या बांधावर मला पहिल्यांदा वाटलं, की खरा इतिहास या ‘वगैरे’मध्ये आहे. आईने अंगणात टाकलेलं बी उगवलं नाही, आणि कर्नालला आधीपासून असलेलं बी शंभर वर्षांनी माजलं. का? तर सहकाऱ्यांची यादी नीट करायला हवी.

करू या. पहिला सहकारी, पाणी. भाक्रा धरण १९६३ साली राष्ट्राला अर्पण झालं. कालवे आले, त्यामागून विजेच्या पंपांच्या कूपनलिका आल्या. गव्हाला तीन आठवड्यांनी पाण्याची पहिली पाळी मिळू लागली, आणि त्या पाळीबरोबर मंडूसीची नवी खेप वर येऊ लागली.

दुसरा सहकारी, नत्र. बुटक्या गव्हाला युरिया मानवतो, कारण तो आडवा पडत नाही. पण जमिनीत टाकलेला युरिया कोणाचा, यावर नाव लिहिलेलं नसतं.

तिसरा, प्रकाश. जुना देशी गहू उंच. त्याच्या सावलीत खालचं गवत गुदमरायचं. नवा गहू बुटका, म्हणजे आपण आपल्याच हाताने छप्पर खाली आणलं आणि गवताला ऊन मोकळं केलं.

चौथा सहकारी मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: भात. पंजाब हा भाताचा मुलूख नव्हे. १९६०-६१ साली तिथे भाताखाली सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. पन्नास वर्षांनी ती २८ लाख हेक्टरवर गेली. उन्हाळा-पावसाळ्यात भात, हिवाळ्यात गहू, पुन्हा भात, पुन्हा गहू. भाताच्या चिखलात महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं. त्यात रानटी ओटसारख्या दुसऱ्या तणांचं बी टिकत नाही. मंडूसीचं टिकतं. म्हणजे भाताने तिचे भाऊबंद मारले आणि तिला मोकळं रान दिलं. शिवाय भात निघाल्यावर जमीन ओली, त्यामुळे गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत किंवा त्याही पुढे लांबते. तोपर्यंत हवा थंड होते, अगदी मंडूसीला हवी तशी. कापूस-गहू करणाऱ्या शेतांत, किंवा मध्ये ऊस, बरसीम घेणाऱ्यांच्या शेतांत, हा त्रास कितीतरी कमी राहिला.

मग पाचवा प्रश्न. पंजाबातला शेतकरी भात का लावू लागला? भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग, दोन्ही १९६५ सालचे. गहू आणि तांदूळ सरकार ठरलेल्या भावाने हमखास घेणार. हरभरा, मोहरी, तूर यांची तशी शाश्वती नाही. मित्रहो, हमीभाव हाही त्या गवताच्या वाढीचा एक सहकारी आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ‘वाढीस अनुकूल परिस्थिती’ या मथळ्याखाली तापमान आणि ओलावा लिहिलेला असतो. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहायला हवी, की दिल्लीत ठरलेला भाव.

कोणी म्हणेल, मग हरितक्रांती हाच गुन्हा. नाही. मी रेशनच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. १९७२ चा दुष्काळ आणि ती मिलो ज्वारी खाल्लेला माणूस आहे. ज्यांनी देशाला दोन वेळचं अन्न दिलं त्यांच्यावर फिर्याद करायला मी आलेलो नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्या अटींनी गहू वाढला त्याच अटींनी त्याचा मामा वाढला. दोघांना एकाच ताटात वाढलं गेलं.

आता सहावा सहकारी, आणि इथे गोष्ट वळण घेते. पूर्वी मंडूसी हाताने काढत. आपण निंदणी म्हणतो, खुरपणी म्हणतो, कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात. पण जिथे एका चौरस मीटरमध्ये हजारांच्या घरात रोपं, आणि तीही गव्हासारखी, तिथे कोण किती काढणार? १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन नावाचं तणनाशक आलं. स्वस्त, सोपं, गुणकारी. झाडाच्या पानात प्रकाशापासून अन्न करण्याची जी क्रिया चालते ती ते बंद पाडतं. मग गहू का मरत नाही? कारण गव्हाला ते पचवता येतं. त्याच्या शरीरातली द्रव्यं त्या विषाचे तुकडे करतात. मंडूसीला ते जमत नव्हतं. दहा-बारा वर्षं सगळे सुखात होते. तेच पीक, तेच औषध, दर वर्षी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणातून तक्रारी येऊ लागल्या. पहिला संशय भेसळीवर, दुसरा फवारणाऱ्यावर. अगदी भाईसाहेब आणि त्यांच्या मित्रासारखाच. पण हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या मलिक आणि सिंग या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या शेतांतलं बी गोळा करून तपासलं, आणि १९९३ ते १९९५ या काळात प्रसिद्ध केलं, की औषधात खोट नाही. गवत बदललं आहे. पुढे उलगडा झाला तो असा, की मंडूसीही ते विष पचवायला शिकली, आणि जवळजवळ गव्हाच्याच पद्धतीने शिकली. वाविलोव्ह आठवा. आधी ती गव्हासारखी दिसत होती, कारण डोळ्यांनी निवडणारा माणूस होता. आता ती गव्हासारखी पचवू लागली, कारण निवडणारं औषध होतं. ‘शिकली’ हा आपला शब्द. प्रत्यक्षात कोट्यवधी रोपांत थोडी अशी असतीलच, ज्यांना ते आधीपासून जमत होतं. बाकीची दर वर्षी मारून आपण त्या थोड्यांना जागा करून देत गेलो.

इथे उदयनाचार्यांना थोडं थांबावं लागतं. १९६६ पुरते ते बरोबर आहेत: बी तेच होतं, सहकारी नवे आले. पण १९९३ ला बांधावर बौद्ध आचार्य उभे असते तर गालातल्या गालात हसले असते. नाव तेच, रंगरूप तेच, पण भाईसाहेब ज्या गवतावर फवारत होते ते दहा वर्षांपूर्वीचं गवत नव्हतं. प्रवाह एक, बी दुसरं. वादाचा निकाल लावायचा माझा अधिकार नाही. पण इतिहास लिहिताना दोन्ही प्रश्न विचारावे लागतात: परिस्थिती काय बदलली, आणि त्या परिस्थितीत वस्तू स्वतः काय बनली?

पुढची हकिकत थोडक्यात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुसरी औषधं आली. पीक वाचलं. पण त्यांनाही पुढच्या दहाएक वर्षांत काही शेतांत मंडूसी दाद देईनाशी झाली. त्याच सुमारास एक निराळा उपायही आला, आणि तो मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक देखणा वाटतो. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात १९९१ साली एक पेरणी यंत्र तयार झालं होतं, जे जमीन न नांगरता, भाताच्या धसकटांतच गहू पेरतं. नांगरट वाचली म्हणून पेरणी आठवडाभर तरी आधी होते, हवा अजून उबदार असते. मंडूसीला ती मानवत नाही. माती हलवली नाही म्हणून खाली पुरलेलं बी वर येत नाही. तुम्ही गवताला मारत नाही. त्याचे सहकारी काढून घेता. सुरुवातीला शेतकरी हसले: नांगरल्याशिवाय गहू? पिढ्यान्‌पिढ्या नांगरणी हीच शेतीची ओळख. पण पुढच्या काही वर्षांत लाखो हेक्टरांवर अशी पेरणी झाली.

तोही रामबाण नाही. २००९ साली भूजल वाचवण्यासाठी पंजाब आणि हरियाणात भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलणारे कायदे झाले. कारण योग्यच होतं. पण मग भात उशिरा निघू लागला, गव्हाला मधले दिवस कमी उरले, आणि पेंढा जाळण्याला आणखी जोर आला. एक सहकारी काढायला जावं तर दुसरा येऊन बसतो. संसार आहे हा. (हशा)

न्यायशास्त्रात एक शब्द आहे, अन्यथासिद्ध. घडा कोणामुळे होतो? माती, चाक, दांडा, कुंभार. आणि ज्या गाढवावरून माती आणली ते गाढव? ते हजर असतं, आधी असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे. बैलगाडीतून माती आणली असती तरी घडा झालाच असता. आपला इतिहास लिहिताना आपण फार वेळा गाढवाला धरतो. ते दिसतं, परगावचं असतं आणि उत्तर देत नाही. मेक्सिकोची पोती हे असं गाढव आहे का? माझं उत्तर: बहुतांशी आहे. गाढवाला धरलं की एक मोठी सोय होते, आपल्याला आपल्या चाकाकडे बघावं लागत नाही.

पण म्हणून सगळे निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. सहकारी पुष्कळ म्हणून जबाबदारी शून्य, ही पळवाट आहे. दर वर्षी तेच औषध, तेच पीक, हे चालणार नाही, असं वेळेवर आणि मोठ्याने सांगायला हवं होतं. जगात इतरत्र तणनाशकांना दाद न देणारी तणं तोवर दिसलेली होती. माहिती होती. ती बांधापर्यंत पोचली नाही, आणि तिच्याअभावी दोन मित्र एकमेकांना चोर आणि अडाणी म्हणत राहिले.

त्यांचं पुढे काय झालं, ते सांगतो आणि थांबतो. १९९८ च्या सुमारास माझ्या प्राध्यापक मित्राचं पत्र आलं. गावात विद्यापीठाची माणसं आली होती, चावडीवर बैठक झाली, मंडूसीत काय बदल झाला ते त्यांनी समजावून सांगितलं. औषधात खोट नव्हती आणि फवारण्यातही नव्हती. बैठक उठल्यावर दुकानदार भाईसाहेबांच्या घरापर्यंत चालत आला. दोघं ओसरीवर बसले. पत्रात लिहिलं होतं, की माफी कोणीच मागितली नाही, हुक्का तेवढा भरला. पाच वर्षांनी.

मी ते पत्र अजून ठेवलं आहे. कार्यकारणभावाचा अभ्यास कशासाठी करायचा, असं विद्यार्थी विचारायचे, तेव्हा मी परीक्षेचं कारण सांगायचो. आता सांगतो, की चुकीच्या माणसाशी धरलेला अबोला सुटावा म्हणून.